एसआरएसएफ१ दर वेळी पांढरं होऊन खाली बसतंय? मिठापासून तपासायला लागा

एसआरएसएफ१ हे माणसाच्या पेशीत आरएनए धरणारं आणि स्प्लायसिंगला (आरएनएमधले नको असलेले तुकडे काढून उरलेले जोडण्याला) मदत करणारं प्रोटीन. ते जिवाणूत बनवून वापरणाऱ्यांची तक्रार नेहमीची आहे. निकेल कॉलमवरून प्रोटीन छान उतरलं, जेलवर जाडजूड बँड आला, म्हणून रात्री डायलिसिस लावलं आणि सकाळी पिशवीत पांढरा चोथा. दुसरी तक्रार बरोबर उलटी असते: प्रोटीन नितळ आहे, फ्रीजमध्ये आठवडा काढलाय, पण जेल शिफ्टमध्ये (प्रोटीनने आरएनए धरला की जेलवर त्याचा बँड वर सरकतो, त्या चाचणीत) आरएनएला हात लावत नाही. पुण्यात स्प्लायसिंगवर काम करणारी मंडळी कमी असली तरी एकमेकांना ओळखणारी आहेत, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतात, आणि नेहमी वेगवेगळे म्हणून येतात. माझ्या मते प्रश्न एकच आहे. तो तसा धरला नाही तर एक सोडवताना दुसरा उभा राहतो आणि पीएचडीच्या मुलांचे महिने जातात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी या प्रोटीनचा स्वभाव. एसआरएसएफ१ म्हणजे पूर्वीचं एएसएफ/एसएफ२. कोलंबिया विद्यापीठातला जेम्स मॅन्ली यांचा गट आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरचे एड्रियन क्रेनर यांनी १९९० च्या सुमारास ते स्वतंत्रपणे वेगळं केलं, म्हणून जुन्या पेपरांत ते दुहेरी नावाने सापडतं. २४८ अमिनो आम्लं, वजन सुमारे २७.७ किलोडाल्टन. पुढे आरएनए धरणारे दोन भाग, म्हणजे दोन आरआरएम, आणि मागे पन्नासेक अमिनो आम्लांची शेपूट, जिच्यात आर्जिनीन आणि सेरीन आलटून पालटून येतात. या आरएस शेपटीमुळे पीआय (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण प्रभार शून्य होतो तो) दहाच्या वर जातो आणि एसडीएस जेलवर प्रोटीन हिशोबापेक्षा वर, तिशीच्या पुढे धावतं. बँड वर दिसला म्हणून चुकीचं प्रोटीन आलं असं समजू नका.

पीआय दहाच्या वर आणि बफर साडेसातचा, मग प्रोटीन खाली का बसावं, असं हमखास विचारलं जातं. पीआय अख्ख्या रेणूची बेरीज सांगतो, प्रभार कुठे आहे ते सांगत नाही. इथे धन प्रभार शेपटीत गच्च भरलेला आहे, तर पहिल्या आरआरएमवर ॲस्पार्टेट-ग्लुटामेटचे ऋण पट्टे आणि उघडे टायरोसीन आहेत. मीठ कमी झालं की एका रेणूची शेपूट दुसऱ्याच्या आरआरएमला चिकटते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि साखळी वाढत जाते. माणसाच्या पेशीत ही वेळ सहसा येत नाही, कारण एसआरपीके१ नावाचं कायनेज शेपटीतल्या सेरीनांवर फॉस्फेट बसवतं आणि धन प्रभार बराचसा झाकला जातो. आपण प्रोटीन ज्या ई. कोलाय जिवाणूत बनवतो त्यात हे कायनेज नाही. तिथून निघालेलं प्रोटीन उघड्या शेपटीनिशीच हातात येतं.

आता खरा मुद्दा. ई. कोलायच्या लायसेटमध्ये, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रवात, आरएनए रगड असतो आणि उघडी शेपूट तो मिळेल तिथे पकडते. हा जिवाणूचा आरएनए शेपटीला झाकून ठेवतो, म्हणून प्रोटीन कमी मिठातही विरघळलेलं राहतं. नितळ दिसतं, टिकतं, पण जागा आधीच भरलेली असल्यामुळे तुमचा प्रोब, म्हणजे चाचणीसाठी घातलेला खुणेचा आरएनए, धरत नाही. मग कुणीतरी आरएनेझ, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, घालायला सांगतं. तुम्ही आरएनए काढता, शेपूट उघडी पडते, आणि जुन्याच बफरमध्ये प्रोटीन क्रॅश होतं. दोन्ही तक्रारींची मुळं ही अशी एकमेकांत आहेत. आरएनए काढायचा असेल तर त्याच वेळी त्याच्या जागी दुसरा आधार द्यावा लागतो.

पहिली तपासणी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर

पांढरं झालेलं बाजूला ठेवा आणि कॉलमवरून उतरलेला ताजा अंश नॅनोड्रॉपवर ठेवा. शुद्ध प्रोटीनचं २६०/२८० गुणोत्तर ०.६ च्या जवळ असतं, शुद्ध आरएनएचं २ च्या जवळ. एसआरएसएफ१ ला १ आलं तरी बरेच जण "चालेल" म्हणून पुढे जातात. चालत नाही. आरएनए २६० ला प्रोटीनपेक्षा कितीतरी जास्त शोषतो, त्यामुळे १ हा आकडा वजनाने तीन-चार टक्के आरएनए सांगतो. टक्केवारी लहान वाटते, पण छोटे छोटे तुकडे असतील तर तेवढ्यात प्रोटीनचे बरेच रेणू अडकलेले असू शकतात. मी ०.७ च्या वरचं प्रोटीन बाइंडिंगच्या प्रयोगात वापरू देत नाही.

मात्रा मोजताना ब्रॅडफर्डवर विसंबू नका. कूमासी रंग मुख्यतः आर्जिनीनला बसतो आणि इथे आर्जिनीनचा सुकाळ आहे. बीएसएच्या (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनच्या) प्रमाणरेषेवर मोजलं तर आकडा फुगतो, आणि मग तुम्ही काढलेला केडी, म्हणजे पकडीची ताकद सांगणारा आकडा, निष्कारण कमजोर दिसतो. आरएनए गेल्यावर २८० वरच मोजा. या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन एकच आहे, दुसऱ्या आरआरएमच्या एसडब्ल्यूक्यूडीएलकेडी या ओळखीच्या तुकड्यात. बाकीचं शोषण टायरोसीनचं. तुमच्या कन्स्ट्रक्टचा क्रम टॅगसकट प्रोटपॅरम या ऑनलाइन साधनात टाकून शोषण-गुणांक काढा, दुसऱ्याच्या पेपरमधला उचलू नका.

त्याच वेळी ३४० ची रेषाही बघा. तिथे प्रोटीन काहीच शोषत नाही, त्यामुळे आलेख तिथे जमिनीला लागलेला हवा. तो वर तरंगत असेल तर तो प्रकाश विखुरला जातोय, म्हणजे डोळ्यांना दिसण्याआधीच गोळे झालेले आहेत. खात्री करायची तर ४ अंशाला १५,००० जी वर दहा-पंधरा मिनिटं स्पिन मारा आणि वरचा द्रव पुन्हा मोजा. ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये ठेवताना बिजागरीची बाजू नेहमी बाहेरच्या दिशेला ठेवा, म्हणजे पेलेट कुठे शोधायचा ते कळतं. एसआरएसएफ१ चा पेलेट सुरुवातीला पांढरा नसतो. बिजागरीखालच्या भिंतीवर काचेवर वाळलेल्या थेंबासारखा पारदर्शक डाग असतो, उजेडासमोर तिरपा धरला तरच दिसतो. पिपेटचं टोक त्याच भिंतीला घासत गेलं तर तो परत मिसळतो आणि तपासणी फुकट जाते. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, दोन्ही वहीत लिहा. पाचवा हिस्सा जरी गेला असला तरी तो बफर या प्रोटीनसाठी चुकीचा आहे.

मीठ आणि आर्जिनीन-ग्लुटामेट

पेशी फोडतानाच १ मोलर सोडियम क्लोराइड ठेवा. निकेलला इतक्या मिठाचं काही वाटत नाही, इमिडाझोल आपलं काम करतं. रेझिनवर प्रोटीन बांधलेलं असताना २ मोलर मिठाने भरपूर धुवा, घाई करू नका. शेपटी आणि आरएनएमधली पकड मुख्यतः प्रभाराची आहे, ती इथे सुटते. लायसेट फार चिकट असेल तर आधी पॉलिइथिलिनइमिन ०.१ टक्का थेंब-थेंब घालून न्यूक्लिक आम्लं खाली पाडा, पण ते १ मोलर मिठातच करा, नाहीतर आरएनएबरोबर प्रोटीनही खाली जाईल. नंतर अमोनियम सल्फेटने प्रोटीन पाडून उरलेलं पॉलिइथिलिनइमिन मागे टाका.

धुताना मीठ आरएनएची पकड सोडवतं. पण त्यानंतर प्रोटीनला धरून ठेवायला फक्त मीठ पुरत नाही. इथे ५० मिलिमोलर एल-आर्जिनीन आणि ५० मिलिमोलर एल-ग्लुटामेट, दोन्ही एकत्र, हा उपाय आहे. २००४ साली एनएमआर करणाऱ्या एका गटाने तो प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून विरघळायला कुरकुरणाऱ्या कितीतरी प्रोटीनांना तो लागू पडलाय. ग्लुटामेट शेपटीतल्या धन प्रभाराजवळ बसतं, आर्जिनीन आरआरएमवरच्या ऋण आणि टायरोसीनच्या जागा झाकतं, अशी त्यामागची कल्पना. दोन्हीपैकी एकच घालून बघणारे बरेच असतात आणि "फरक नाही पडला" म्हणतात. दोन्ही घाला. आर्जिनीन फ्री बेस घेतलं असेल तर पीएच एकदम वर जातो, म्हणून दोन्ही विरघळल्यावरच पीएच लावा. २८० ला दोघंही शोषत नाहीत, मोजणीत अडचण येत नाही.

माझा साठवणीचा बफर असा असतो: २० मिलिमोलर हेपीस पीएच ७.५, ४०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, आर्जिनीन-ग्लुटामेट प्रत्येकी ५०, ग्लिसरॉल १५ टक्के, डीटीटी १ मिलिमोलर. दोन सिस्टीन आहेत, त्यामुळे त्यांचे आपसात बंध होऊ न देणारं डीटीटी वगळू नका. मात्र ते निकेल कॉलम उतरल्यावर घाला, रेझिनवर घातलं तर ते तपकिरी पडतं. कॉलमवर त्याच कामाचं टीसीईपी चालतं. ट्रिसऐवजी हेपीस घेण्याचं कारण तापमान. ट्रिसचा पीएच दर अंशाला जवळजवळ ०.०३ ने सरकतो. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये ३४ अंशाला ७.५ लावलेला ट्रिस कोल्ड रूममध्ये ८.३ च्या पुढे जातो, आणि जानेवारीत तोच बफर वेगळा वागतो. "हिवाळ्यात जमतं, उन्हाळ्यात नाही" अशी तक्रार आली की मी आधी ट्रिस विचारतो. फॉस्फेट तर गोठवण्याच्या बफरमध्ये नकोच. सोडियम फॉस्फेट गोठताना डायसोडियम मीठ आधी स्फटिक होऊन बाजूला पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच धाडकन खाली येतो.

१०० मिलिमोलर मिठात रातोरात डायलिसिस करण्याचा आग्रह सोडून द्या. प्रयोगाला कमी मीठ हवं असेल तर ते प्रयोगाच्या ट्यूबमध्येच, शेवटच्या क्षणी कमी होऊ द्या. गाळणीच्या ट्यूबमध्ये घट्ट करतानाही हीच काळजी. पडद्यालगत प्रोटीन कितीतरी पट दाट होतं आणि तिथूनच गोळे सुरू होतात. छोटे स्पिन मारा, मधे मधे काढून पिपेटने हलक्या हाताने ढवळा.

आरएनेझचा सापळा

याबद्दल मी थोडं पोटतिडकीनेच सांगतो, कारण यात अडकलेले लोक शेवटी प्रोटीनलाच दोष देतात. आरएनए काढायला आरएनेझ ए घातलं, गुणोत्तर ०.६ वर आलं, सगळे खूश. मग जेल शिफ्टमध्ये प्रोटीन वाढवत नेलं तसा मोकळा प्रोब कमी होत गेला, म्हणजे बाइंडिंग झालं असं वाटलं. पण वर सरकलेला बँड कुठेच नाही, आणि लेनच्या तळाशी धूसर पसारा. प्रोब बांधला गेलेला नाही, तो खाल्ला गेलाय. आरएनेझ ए १३.७ किलोडाल्टनचं, चार डायसल्फाइड बंधांनी आवळलेलं चिवट एन्झाइम आहे. त्याचाही पीआय नऊच्या वर, त्यामुळे हेपारिन किंवा धन-आयन कॉलमवर ते एसआरएसएफ१ च्या मागोमाग येतं. जेलवर दिसणार नाही इतकं कमी असलं तरी प्रोब संपवायला पुरतं, आणि ऑटोक्लेव्ह केल्याने जाईलच असं नाही.

तपासणी सोपी आहे. प्रोब आणि प्रोटीन तासभर ३७ अंशाला ठेवा, मग एसडीएस आणि प्रोटिनेझ के घालून प्रोटीन संपवा आणि आरएनए युरिया जेलवर पळवा. प्रोब अखंड परत दिसला पाहिजे. शेजारच्या लेनमध्ये फक्त बफर घालून ठेवलेला प्रोब असू द्या.

बेन्झोनेझ हे न्यूक्लिक आम्लं तोडणारं दुसरं एन्झाइम बरा पर्याय समजलं जातं, पण त्याला मॅग्नेशियम लागतं आणि जास्त मिठात ते जवळजवळ थंड पडतं. १ मोलर मिठाच्या लायसेटमध्ये टाकून उपयोग नाही. शिवाय त्याचं उपएकक सुमारे ३० किलोडाल्टनचं, म्हणजे जेलवर एसआरएसएफ१ च्याच अंगावर येतं. म्हणून माझा कल मिठाने आणि पॉलिइथिलिनइमिनने आरएनए काढण्याकडे आहे. त्यानंतर हेपारिन कॉलम लावा. आरएनए बांधला न जाता निघून जातो आणि प्रोटीन मोलरभर मिठापर्यंतच्या चढावर उतरतं.

जेल शिफ्ट लावताना

प्रोटीन चांगलं असूनही इथे घालवता येतं. डायल्युशनची मालिका पाण्यात किंवा बाइंडिंग बफरमध्ये करतात, आणि पहिल्याच ट्यूबमध्ये मीठ दहापट खाली येऊन गोळे होतात. मालिका प्रोटीनच्याच साठवणीच्या बफरमध्ये करा आणि प्रत्येक ट्यूबमध्ये सारखंच आकारमान घाला. १० मायक्रोलिटरच्या मिश्रणात १ मायक्रोलिटर गेलं तर ४०० चं मीठ ४० वर येतं, आणि ते सगळ्या लेनमध्ये सारखं राहतं. ही एक गोष्ट पाळली नाही तर वाढत्या प्रोटीनबरोबर मीठही वाढत जातं आणि तुम्ही काय मोजताय ते तुम्हालाही कळत नाही. मिश्रणात प्रोब आधीच असू द्या आणि प्रोटीन शेवटी घाला, म्हणजे मीठ उतरतं त्या क्षणी शेपटीला धरायला आरएनए समोर असतो.

प्रोब विहिरीतच अडकून राहिला तर तो गोळा आहे, त्याला कॉम्प्लेक्स म्हणून मोजू नका. थोडा यीस्टचा टीआरएनए आणि बीएसए घालून बघा. नेमकी पकड असेल तर ती काही प्रमाणात टिकते, शेपटीची ढोबळ पकड सुटते. तुलनेसाठी बदललेला प्रोब हवाच. एसएमएन जनुकाचा सातवा एक्झॉन (स्प्लायसिंगनंतर आरएनएमध्ये राहणारा तुकडा) यासाठी उत्तम आहे. एसएमएन१ मध्ये सहाव्या जागी सी असतो आणि एसआरएसएफ१ त्याभोवतीचा तुकडा ओळखतं. एसएमएन२ मध्ये तिथे टी आहे, पकड ढिली होते आणि एक्झॉन बहुतेक वेळा गळून जातो. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या मुलांमध्ये एसएमएन१ निकामी असल्यामुळे हाच एक्झॉन परत आणणं हा उपचार ठरला, आणि क्रेनर यांच्या कामातून पुढे आलेल्या नुसिनर्सेन या औषधाला २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या औषधाचं काम सहाव्या जागेवर नसून पुढच्या इंट्रॉनमध्ये (काढून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यात) चालतं, पण एका अक्षराने काय होतं ते ट्यूबमध्ये बघायचं तर हे दोन प्रोब आणि नीट सांभाळलेलं एसआरएसएफ१ पुरेसं आहे. एवढी उठाठेव मला म्हणूनच सार्थ वाटते.

हेला पेशींच्या एस१०० अर्कात स्प्लायसिंग लावणाऱ्यांनी मिठाचा हिशोब आणखी काटेकोर ठेवावा. त्या अर्कात बाकी सगळं असतं, एसआर प्रोटीनच (एसआरएसएफ१ च्या कुळातली) कमी असतात, म्हणून एसआरएसएफ१ ची खरी परीक्षा तिथेच होते. पण एकूण मीठ १०० मिलिमोलरच्या पुढे गेलं की स्प्लायसिंग मंदावतं. २५ मायक्रोलिटरमध्ये २ मायक्रोलिटर घातलं तर साठवणीचं मीठ ३२ ची भर टाकतं, अर्काचं स्वतःचं वेगळं. फक्त बफर घातलेली लेन ठेवली नाही तर हा परिणाम ओळखूच येत नाही.

विकतची व्हायल असेल तर

आधी सोबतचा कागद वाचा: कशात बनवलंय, टॅग कुठे आहे, बफर काय आहे. काही व्हायल युरिया असलेल्या बफरमध्ये येतात. अशी प्रोटीन बहुधा इन्क्लुजन बॉडीतून, म्हणजे जिवाणूत साचलेल्या न विरघळणाऱ्या गोळ्यांतून, परत घडवलेली असतात. वेस्टर्नच्या कंट्रोलला ती चालतात, बाइंडिंगसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. गव्हाच्या अंकुराच्या अर्कातली, जीएसटी हा टॅग जोडलेली असेल तर जीएसटी जोडीने राहतं हे लक्षात घ्या, दोन शेपट्या जवळ आल्या की चिकटणं वाढतं.

खोका हातात आल्याबरोबर उघडा. कोरडा बर्फ उणे ७८ अंशाला सरळ वायू होतो, खोक्यात उरला नसेल तर पार्सल किती वेळ ऊबदार होतं ते कुणीच सांगू शकत नाही. फोटो काढून त्याच दिवशी विक्रेत्याला लिहा. व्हायल बर्फावर वितळवा, स्पिन मारून मोजा, दहा-दहा मायक्रोलिटरचे अलिकोट करा, द्रव नायट्रोजनमध्ये टाकून मग उणे ८० ला ठेवा. वितळलेला अलिकोट परत गोठवू नका. वळवाच्या पावसात वीज जाते, तेव्हा फ्रीझरचं दार उघडून "ठीक आहे का" बघायचा मोह टाळा. तापमानाची नोंद नंतर बघा आणि शंका असेल तर एकच अलिकोट काढून स्पिनची तपासणी करा.

तरीही जमलं नाही तर

शेपटीच्या आर्जिनीनांसाठी एजीए, एजीजी हे कोडॉन बरेच असतात आणि ई. कोलायला ते जड जातात. जेलवर खाली शिडीसारखे बँड दिसले तर रोझेटा स्ट्रेन (असे कोडॉन वाचायला मदत करणारा ई. कोलाय) किंवा कोडॉन बदललेलं जनुक घ्या, प्रोटीन बनवणं सुरू करणाऱ्या आयपीटीजीनंतर १६ अंशाला रात्रभर वाढवा, आणि हिस टॅग मागच्या टोकाला नेऊन बघा, म्हणजे अर्धवट तुकडे कॉलमला बांधलेच जाणार नाहीत. जीबी१ हा ५६ अमिनो आम्लांचा छोटा टॅग पुढे जोडल्याने विद्राव्यता वाढते.

प्रश्न फक्त आरएनएच्या ओळखीचा असेल तर शेपूट कापून नुसते दोन आरआरएम वापरा. आर्जिनीन-ग्लुटामेट तेव्हाही राहू द्या. स्प्लायसिंगच बघायचं असेल तर मात्र शेपूट हवी, आणि मग त्याच जिवाणूत एसआरपीके१ सोबत बनवून फॉस्फेट चढवलेलं प्रोटीन घेणं माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. फॉस्फेट चढलं की जेलवर बँड वर सरकतो आणि फॉस्फेटेझने परत खाली येतो, ही खूण तपासून घ्या.

इतकं करूनही अडलात तर ओळखीच्या लॅबमध्ये डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारी चाचणी) मागा. पाषाणला आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्था शेजारी-शेजारी आहेत, एनसीसीएस विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि नमुना बर्फावर ठेवून दुचाकीवर अर्ध्या तासात इकडून तिकडे जातो. आणि कुणालाही विचारताना बफरची पूर्ण कृती, टॅगसकट क्रम, २६० ते ३४० चा आलेख, स्पिनच्या आधीचा व नंतरचा आकडा आणि पूर्ण जेलचा न कापलेला फोटो पाठवा. विहिरींचा भाग कापलेला असेल तर गोळा कुठे अडकलाय ते दिसत नाही.